पावसाळा, बंदी आणि मोतीबिंदू

जून-जुलैत रायगड जिल्ह्यातल्या मुरुडच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढलेल्या असतात, इंजिनं उघडून ठेवलेली असतात आणि एरवी घरी न सापडणारे पुरुष घरी सापडतात. राजपुरी, एकदरा, नांदगाव, बोर्ली, कोर्लई, सगळीकडे हेच चित्र. मासेमारी बंदीचे हे दोन महिने म्हणजे जाळी दुरुस्त करायचे, उधारीचे हिशेब लावायचे आणि वर्षभर अंगावर काढलेली दुखणी दाखवायचे दिवस. गुडघा दाखवला जातो, दात काढला जातो, साखर तपासली जाते. डोळा मात्र मागे राहतो. का, तर ‘पावसात डोळ्याचं ऑपरेशन करू नये, थंडी पडली की बघू.’ थंडी पडते तेव्हा होडी पाण्यात असते, खलाशी मिळत नसतात आणि तांडेलाला महिनाभर घरी बसणं परवडत नाही. मग पुढचा पावसाळा. असं करता करता तीन-चार वर्षं सहज निघून जातात आणि शेवटी नातू हाताला धरून आणतो.

पाऊस आणि बंदीचा हा तिढा मला मोतीबिंदूच्या सगळ्या प्रश्नाच्या मुळाशी दिसतो. ऑपरेशन म्हणून बघायचं तर ते आता फार पुढे गेलंय. पंधरा-वीस मिनिटांत होतं, बहुतेकांचं त्याच दिवशी घरी जाणं होतं. अडतं ते त्याच्या आधीच्या वर्षांत आणि नंतरच्या महिन्यात. या दोन्ही ठिकाणी ज्या समजुती चालतात, त्यातल्या बऱ्याचशा एके काळी खऱ्याच होत्या. वैद्यक बदललं, समजुती तिथेच राहिल्या.

आधी मोतीबिंदू म्हणजे काय ते बघू. बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. त्यात निम्म्याहून जास्त पाणी आणि उरलेली बहुतेक प्रथिनं. या भिंगाला रक्तपुरवठा नसतो आणि त्यातले जुने तंतू शरीर बाहेर टाकत नाही. नवे तंतू बाहेरून चढत जातात, जुने मध्यभागी दाबले जातात. शहाळ्यातली मलई दिवसागणिक घट्ट होत जाऊन तिचं खोबरं व्हावं, तसं वयाबरोबर हे भिंग कडक होतं, पिवळं पडतं. प्रथिनांच्या गुठळ्या होतात, उजेड सरळ आत जाण्याऐवजी विखुरतो. डोळ्यावर बाहेरून पडदा येतो ही कल्पना चुकीची. जे होतं ते आत, भिंगातच होतं. म्हणूनच कुठल्याही थेंबांनी तो पडदा ‘कापला’ जात नाही. मध, कांद्याचा रस, जाहिरातीतली औषधं यांतलं काहीही त्या भिंगाला पुन्हा पारदर्शक करू शकत नाही. २०१५ मध्ये लॅनोस्टेरॉल नावाच्या द्रव्याने प्राण्यांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू कमी झाल्याची बातमी जगभर गाजली, पण माणसांसाठी त्यातून चालणारं औषध निघालेलं नाही.

भिंग कुठे गढूळ होतं त्यावर त्रासाची तऱ्हा ठरते. मध्यभाग पिकत गेला तर लांबचं अंधुक होतं आणि काही काळ जवळचं उलट चांगलं दिसू लागतं. ‘आजोबांची चाळिशी सुटली, विनाचष्म्याचा पेपर वाचतात’ असं घरात कौतुक होतं. ते कौतुक करण्यासारखं नसतं, कारण भिंगाचा नंबर बदलतोय, एवढाच त्याचा अर्थ. कडेने गढूळपणा आला तर समोरच्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा दिसतो. भिंगाच्या मागच्या बाजूला डाग आला तर भर उन्हात आणि वाचताना जास्त अडतं. हा प्रकार मधुमेह असलेल्यांत आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांत लवकर, कधी चाळिशीतही दिसतो. डोळा लाल झाला की मेडिकलमधून कुठलीतरी ‘चांगली’ बाटली आणून महिनोन्‌महिने टाकत राहणं, हे त्याचं एक सर्रास आढळणारं कारण. त्या बाटलीत बरेचदा स्टिरॉइडच असतं.

वय हे सगळ्यांत मोठं कारण. त्याखालोखाल मधुमेह, धूम्रपान, डोळ्याला लागलेला मार. चुलीच्या धुराचा संबंधही काही अभ्यासांनी दाखवला आहे. पण किनाऱ्यावरच्या माणसाने लक्षात ठेवावा असा अभ्यास अमेरिकेतला आहे, तोही कोळ्यांवरचा. मेरीलँडजवळच्या चेसापीक उपसागरात खेकडे नि कालवं काढणाऱ्या ८३८ मच्छीमारांचे डोळे ह्यू टेलर आणि सहकाऱ्यांनी तपासले. प्रत्येकाने आयुष्यात कुठल्या वयात, किती तास, कुठल्या पाण्यावर काढले, टोपी घालायचा की नाही, चष्मा होता की नाही, याचा हिशेब मांडला. १९८८ मध्ये निष्कर्ष आला : अतिनील किरणांचा आयुष्यभराचा साठा दुप्पट झाला की भिंगाच्या कडेच्या मोतीबिंदूची जोखीम साधारण १.६ पट होते. मध्यभागाच्या मोतीबिंदूशी मात्र असा संबंध मिळाला नाही. म्हणजे उन्हामुळे सगळाच मोतीबिंदू होतो असं नाही, पण काही होतो. रुंद काठाची टोपी आणि साधा चष्मासुद्धा डोळ्यात शिरणारे किरण बरेच अडवतो. आपल्याकडचा तांडेल डोक्याला रुमाल बांधतो. त्याने घाम अडतो, ऊन नाही. गॉगल घ्यायचाच तर ‘यूव्ही ४००’ लिहिलेला घ्यावा, नुसती काळी काच बघू नये.

मुरुडच्या तपासणी शिबिरात उभं राहिलं तर एक गोष्ट लगेच दिसते. रांगेतला निम्मा गोंधळ शब्दांचा नसून निदानाचा असतो. ‘मला मोतीबिंदू झालाय’ म्हणून आलेल्या खलाशाच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून गुलाबी मांसाचा त्रिकोण बुबुळावर चढलेला असतो. ऊन, वारा आणि खारं पाणी यांत राबणाऱ्यांच्या डोळ्यांत हे मांस वाढतं. तो मोतीबिंदू नव्हे, त्याचा उपचार वेगळा. दुसरा एखादा सांगतो, ‘माझा मोतीबिंदू अजून कच्चा आहे.’ त्याला असतो काचबिंदू. मोतीबिंदूने गेलेली नजर परत आणता येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. त्यामुळे हा गैरसमज महागात पडतो. टॉर्च, फळ्यावरचा उलटसुलट ‘ई’ आणि समोर धरलेली बोटं एवढ्यावर शिबिरातली पहिली चाळणी होते. कार्डावर ६/६० लिहिलं असेल तर अर्थ असा, की निरोगी डोळ्याला जे साठ मीटरवरून दिसतं त्यासाठी या माणसाला सहा मीटरवर यावं लागतं. अशा डोळ्यांनी राजपुरीच्या खाडीतून होडी आत आणणारी माणसं असतात. ती नजरेपेक्षा सवयीने आणतात.

आता ‘पिकू द्या’विषयी. हा सल्ला कुणी खुळ्याने दिलेला नाही. डोळ्यांवरची शस्त्रक्रिया आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेत सुईने गढूळ भिंग बाजूला सारण्याची रीत आहे. भिंग बाहेर काढत नसत, नजरेच्या वाटेतून आत ढकलून देत. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी (१७७७ ते १८३२) यांच्याकडे डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं ठेवलेली होती, रोगी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसकट. सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहातली ही पानं बघितली की एका मराठी राजाला मोतीबिंदूत किती रस होता ते कळतं. युरोपात झाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यवैद्याने १७४७ मध्ये भिंग चीर देऊन बाहेर काढलं. तिथून पुढे दोनशे वर्षं शल्यवैद्य भिंग काढत राहिले, पण त्याच्या जागी ठेवायला काही नव्हतं. म्हणून ते जाड, बाटलीच्या बुडासारखे चष्मे. मोठी चीर, टाके, आठवडाभर उशा लावून उताणं पडणं, डोळ्यावर हिरवी पट्टी. त्या चष्म्यातून वस्तू मोठ्या दिसत, कडेचं दिसत नसे, आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. असं ऑपरेशन थोडं फार दिसत असताना करण्यात तोटाच होता. शिवाय पूर्ण पिकलेलं भिंग अख्खंच्या अख्खं बाहेर काढणं सोपं जाई. तेव्हा ‘पिकू द्या’ हा शहाणपणाचा सल्ला होता.

तो शिळा झाला तो दोन माणसांमुळे. लंडनच्या हॅरल्ड रिडलीने युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या झाकणाचे प्लास्टिकचे कण बघितले. ते वर्षानुवर्षं आत राहिले तरी डोळा बिथरत नव्हता. त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग करून त्याने २९ नोव्हेंबर १९४९ला ते एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. समव्यावसायिकांनी बरीच वर्षं त्याला धारेवर धरलं. मग १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स केल्मनने ध्वनिलहरींनी भिंग आतल्या आत फोडून बारीक नळीने शोषून घ्यायची युक्ती काढली. तीच आजची ‘फेको’. लोक तिला सर्रास ‘लेझर’ म्हणतात. ती लेझर नाही. भारतात भिंग गरिबाच्या आवाक्यात आलं ते मदुराईच्या अरविंद रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने १९९२ पासून ते इथेच बनवायला घेतलं म्हणून.

आता हिशेब उलटा झालाय. फेकोसाठी मऊ भिंग सोपं, कडक भिंग अवघड; ते फोडायला जास्त शक्ती लागते आणि बुबुळाच्या आतल्या नाजूक थराला इजा होण्याची भीती वाढते. आणखी थांबलं तर पिकलेलं भिंग फुगून किंवा पाझरून डोळ्याचा दाब चढवतं. मग डोळा ठणकतो, डोकं फुटायला लागतं, उलट्या होतात, घरचे पित्त समजून लिंबूपाणी देतात आणि दोन-तीन दिवसांत जी नजर सहज परत आली असती ती कायमची जाते. कोविडच्या टाळेबंदीत नेमून ठेवलेली ऑपरेशनं देशभर थांबली, त्यातच ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्याची छपरं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. घर उभं करायचं की डोळा दाखवायचा, असा प्रश्न असलेल्यांनी काय केलं असेल ते सांगायला नको.

मग करायचं कधी? चष्मा बदलूनही स्वतःचं काम अडायला लागलं की. हे काम प्रत्येकाचं निराळं. रात्री गाडी चालवणाऱ्याला थोडाही मोतीबिंदू अडतो. वाडीत पोफळीवर चढणाऱ्याला अंतराचा अंदाज चुकला तर जिवावर बेततं. ओटीवर बसून तांदूळ निवडणाऱ्या आजीला आणखी वर्षभर काही बिघडत नाही, मात्र तिची तपासणी चालू हवी. मधुमेह असेल तर आतला पडदा डॉक्टरांना दिसायला हवा, तेवढ्यासाठीही भिंग लवकर काढावं लागतं.

देशपातळीवर बघायचं तर अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीचा मोतीबिंदू प्रकल्प ज्या सात राज्यांत राबवला गेला त्यात महाराष्ट्र होता. तरीही २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण न केलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन हेच निघालं. त्याच पाहणीतला दुसरा आकडा कमी सांगितला जातो : ७.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधल्या आणि त्यानंतरच्या गुंतागुंतीमुळे आलेलं होतं. नंतरचा महिना का महत्त्वाचा, ते या आकड्यात आहे.

मुरुडकरासाठी वाट साधारण ठरलेली. शहरात ग्रामीण रुग्णालय आहे, शिबिरं होतात. ऑपरेशनला मात्र साळावच्या पुलावरून रेवदंडा, चौल करत सुमारे पन्नास किलोमीटरवर अलिबागचं जिल्हा रुग्णालय गाठायचं किंवा पनवेल. पनवेलच्या लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आणि शंकरा नेत्र रुग्णालयात रायगडातून लोक जात असतात. मुंबईचं नाव घेतलं की जे. जे. रुग्णालय. तिथे असताना डॉ. तात्याराव लहानेंनी एक लाखाहून जास्त मोतीबिंदू काढले, २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि ‘लहान्यांकडे जाऊ’ हा खेड्यापाड्यांत वाक्प्रचार झाला. सरकारी किंवा संस्थेच्या मोफत सोयीत जायचं तर बस येते, नेते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणून सोडते. पूर्वी शाळेच्या वर्गात नि मंडपात ऑपरेशनं होत. ती रीत आता मोडीत निघाली आहे, शिबिरात फक्त तपासणी व्हावी आणि चाकू पक्क्या थिएटरातच लागावा हे बरंच झालं.

मोफत म्हटलं की मनात शंका येते : तिथे ‘साधं’ ऑपरेशन करतात, पैसे दिले की ‘मशीनचं’. या शंकेचं उत्तर आपल्या पुण्यातच शोधलं गेलंय. फेकोला यंत्र लागतं, चीर तीन मिलिमीटरच्या आत, भिंग घडी करून आत सोडतात. दुसऱ्या पद्धतीत डोळ्याच्या पांढऱ्या भागात सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा करून भिंग सगळं बाहेर काढतात. त्यालाही टाका लागत नाही, यंत्रही नाही. डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या ह. व. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० डोळ्यांवर दोन्ही पद्धतींची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटणी करून तुलना केली, ती २००५ मध्ये छापून आली. सहा आठवड्यांनी विनाचष्म्याचं ६/१८ किंवा त्याहून चांगलं दिसणारे फेकोत सुमारे ८१ टक्के, बोगद्याच्या पद्धतीत ७१ टक्के. चष्मा लावल्यावर दोन्हीकडे ९८ टक्के. ज्याला चष्म्याचं वावडं नाही त्याने मोफत ऑपरेशनला कमी लेखण्याचं कारण नाही. उलट फार कडक, काळसर पडलेल्या मोतीबिंदूला अनुभवी हातातली बोगद्याची पद्धत कित्येकदा जास्त सुरक्षित पडते.

पैसे जिथे खरोखर वाढतात ते भिंगाच्या निवडीत. साधं भिंग एकाच अंतराचं, बहुतेक लांबचं. वाचायला चष्मा लागतो. तिरप्या नंबरासाठी टोरिक. आणि जाहिरातीतलं, चष्मा घालवणारं मल्टिफोकल. हे शेवटचं सगळ्यांनी घेऊ नये असं माझं मत आहे. मल्टिफोकल भिंगात रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात, काळोखात आकार ओळखायची ताकद थोडी उणावते. ज्याला पहाटे तीनला निघून दुसऱ्या होडीचा दिवा, बोयाचा दिवा आणि किनाऱ्यावरचा दिवा वेगळा ओळखायचा असतो त्याला ही कडी नकोत. अशा माणसाने साधं भिंग लांबच्या नंबराचं घ्यावं आणि जाळं शिवायला दोनशे रुपयांचा चष्मा. डॉक्टरांनी ‘प्रीमियम’ म्हटलं तर आपलं काम काय, ते आपणच सांगावं लागतं. ते विचारतीलच असं नाही.

आणखीही काही सांगावं लागतं. लघवी अडते म्हणून म्हातारे पुरुष टॅमसुलोसिनची गोळी घेतात. तिने बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो आणि ऑपरेशनमध्ये फडफडतो. आधी कळलं तर डॉक्टर तयारीने बसतात. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करायची नाही, विचारायचं. बिडीचा खोकला असेल, उताणं झोपलं की दम लागत असेल, तर तेही. साखर, रक्तदाब, डोळ्याचा दाब, अश्रूंच्या नळीची तपासणी आणि भिंगाचा नंबर काढायचं मोजमाप एवढं आधी होतं. नळीत पू साठलेला असेल तर आधी तिचा उपचार, मग मोतीबिंदू.

ऑपरेशनच्या दिवशी बाहुली मोठी करायला दर काही मिनिटांनी थेंब. भूल नुसत्या थेंबांची किंवा डोळ्याशेजारी इंजेक्शनची. माणूस जागा असतो. पोव्हिडोन आयोडिनने डोळा आणि आजूबाजू धुतात, तोंडावर हिरवं कापड, त्याला एक भोक. वरून झगझगीत दिवा. सुई-चाकू दिसत नाही. उजेडाचे निळे-गुलाबी ढग हलताना दिसतात, यंत्राचा बारीक सूर ऐकू येतो, गालावरून गार पाणी ओघळतं. आत काय चाललेलं असतं? भिंगाच्या पिशवीला वरून गोल खिडकी पाडतात, आतलं कडक भिंग फोडून ओढून घेतात, पिशवी तशीच ठेवतात आणि तिच्यात नवं भिंग उलगडतात. बोलायचं नाही, मान हलवायची नाही. खोकला आला तर आधी सांगायचं. मग डोळ्यावर जाळीदार प्लास्टिकची ढाल, बिस्कीट-चहा आणि घर.

आता पावसाकडे येऊ. मोठी चीर नि टाक्यांच्या काळात, गळक्या वॉर्डांत, ओल्या कपड्यांत पावसाळ्यात ऑपरेशन टाळणं समजण्यासारखं होतं. आज संसर्ग टळतो तो थिएटरच्या शिस्तीने, आयोडिनने आणि ऑपरेशनच्या शेवटी डोळ्याच्या आत सोडलेल्या अँटिबायोटिकने. अरविंदच्या डॉक्टरांनी सहा लाखांहून अधिक ऑपरेशनांची तपासणी २०१७ मध्ये छापली. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन आत सोडू लागल्यावर गंभीर संसर्ग दहा हजारांत सातावरून दोनावर आला. हा फरक औषधाने पडला, महिना निवडून नव्हे. पावसाळ्याची खरी अडचण एकच, डोळे येणं. २०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर साथ होती तेव्हा नेमलेली ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली, आणि ते योग्यच होतं. घरात कुणाचे डोळे आलेले असतील तर ऑपरेशन थांबवायचं. नुसता पाऊस पडतोय म्हणून थांबवायचं नाही. बंदीच्या पहिल्या आठवड्यात एक डोळा केला तर नारळी पौर्णिमेला माणूस होडीवर जायला मोकळा असतो. हा हिशेब मच्छीमार सोसायट्यांनी आणि शिबिरं भरवणाऱ्यांनी मनावर घेतला तर मे महिन्यात तपासणी नि जूनमध्ये ऑपरेशन, असं वेळापत्रक सहज बसवता येईल.

नंतरचा महिना थेंबांचा. सुरुवातीला दिवसातून सहा-आठ वेळा, मग आठवड्याला कमी करत चार ते सहा आठवड्यांत बंद. बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही, हात साबणाने धुवायचे, दोन औषधांत पाच मिनिटं सोडायची. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तपासणी. हातांना सांधेदुखी असलेल्या एकट्या म्हाताऱ्याला स्वतःचे थेंब टाकता येत नाहीत, अर्धे गालावर जातात. ते कोण टाकणार हे ऑपरेशनच्या आधी ठरवावं. उरलेली बाटली शेजारणीच्या लाल डोळ्यात टाकायची उदारता मात्र नको.

डोळा चोळायचा नाही, रात्री ढाल लावून झोपायचं, ऑपरेशनच्या कुशीवर वळायचं नाही. दहा-बारा दिवस डोक्यावरून अंघोळ नको. मानेखाली करावी, तोंड ओल्या फडक्याने पुसावं. मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांना वजूची काळजी असते. चेहऱ्यावर पाणी मारण्याऐवजी डोळा वगळून ओला हात फिरवता येतो, काही दिवस बसून नमाज पढता येते; किती दिवस, ते डॉक्टर आणि इमामसाहेब दोघांना विचारावं. जड टोपली, इंजिन, नांगर उचलणं तीन-चार आठवडे बंद. समुद्रात उतरणं महिनाभर बंद. पेपर, टीव्ही, मोबाइल चालतं. खाण्यात काहीही वर्ज्य नाही. मासे तर मुळीच नाहीत. आठ-आठ दिवस पेजेवर ठेवलेले लोक बघितले की वाईट वाटतं, विशेषतः मधुमेह असेल तर.

पहिले दिवस खुपणं, थोडा लालसरपणा, पाणी येणं चालतं. चालत नाही ते असं : दुखणं कमी होण्याऐवजी वाढणं, काल दिसत होतं ते आज अंधुक होणं, घाण येणं, विजा चमकल्यासारखं होणं, एका बाजूने काळा पडदा सरकणं. यात सकाळ व्हायची वाट बघत नाहीत. डोळ्याच्या आतला संसर्ग तासांच्या हिशेबाने पसरतो आणि मुरुडपासून डोळ्यांच्या डॉक्टरपर्यंत तास-दीड तास जातोच. २०१५ मध्ये वाशिमला आणि २०१९ मध्ये जोगेश्वरीला ऑपरेशननंतरच्या संसर्गाने लोकांचे डोळे गेले, त्यानंतर चौकशा झाल्या. रुग्णाच्या हातात असतं ते एवढंच, की सुट्टी घेताना रात्री उचलला जाईल असा फोन नंबर कागदावर लिहून मागायचा. कागद मिळेपर्यंत बसमध्ये चढू नये.

बहुतेकांचं यातलं काहीच होत नाही. ढाल निघते आणि पहिली तक्रार असते ‘सगळं निळं दिसतं’. पिवळं भिंग इतकी वर्षं निळा रंग अडवत होतं, तो आता आत येतो. मुरुडचा समुद्र तसा बारा महिन्यांतले बरेच दिवस मातकटच, पण आभाळ, धोतर, भिंतीचा चुना सगळं उजळ दिसू लागतं. घरातली जळमटं आणि आरशातल्या सुरकुत्याही दिसतात. एकाच डोळ्याचं झालेलं असलं की दोन डोळ्यांना दोन रंग दिसतात, पायरीचा अंदाज चुकतो; म्हणून दुसरा फार लांबवू नये. चष्म्याचा नंबर महिन्याभराने काढतात, आधी काढलेला टिकत नाही.

कुणाला ऑपरेशन चांगलं होऊनही दिसत नाही. मग भिंगामागचा पडदा मधुमेहाने खराब झालेला असतो किंवा काचबिंदूने मज्जातंतू सुकलेला असतो. ऑपरेशनच्या आधी हे दिसत असेल तर डॉक्टरांनी सांगायला हवं आणि आपण विचारायला हवं. काहींना दोन-तीन वर्षांनी पुन्हा धूसर दिसतं आणि ‘मोतीबिंदू परत आला’ असं ते म्हणतात. तो परत येत नाही. आत ठेवलेली पिशवी गढूळ होते. याग लेझरने तिला पाच मिनिटांत भोक पाडतात, चीर नाही, थेंबही थोडे. लेझर म्हणायचं तर याला म्हणावं.

बंदीच्या हिशेबात एक माणूस मात्र बसत नाही. पुरुष घरी असतात ते दोन महिने कोळणीच्या सुक्या मासळीच्या विक्रीचे. बोंबील, जवळा, सोडे घेऊन बाजारात बसायचं ते तेव्हाच, आणि जवळ्यातला कचरा निवडायला नजर लागते. देशभरच्या पाहण्यांत मोतीबिंदूचं ऑपरेशन वेळेत होण्यात बायका मागे असल्याचं पुन्हा पुन्हा दिसलंय. शिबिराच्या रांगेत नवऱ्याला आणून सोडणाऱ्या, स्वतः कार्ड न काढणाऱ्या बायका भेटतात. त्यांनाही नीट दिसत नाही, हे पाचशेची नोट उजेडाकडे धरून बघतात त्यावरून कळतं. त्यांच्यासाठी सोयीचा काळ कदाचित नारळी पौर्णिमेनंतरचा, ताज्या मासळीचा जोर वाढायच्या आधीचे दोन-तीन आठवडे. पण तेव्हा नवरा होडीवर गेलेला असतो. थेंब कोण टाकणार, टोपली कोण उचलणार आणि दुसऱ्या दिवशी तपासणीला अलिबागला सोबत कोण जाणार, याची व्यवस्था सुनेशी किंवा शेजारणीशी बोलून आधी लावावी लागते. आशाताई गावात आहेत; शिबिराच्या यादीत नाव घालताना बाईच्या नावापुढे सोबतीच्या माणसाचं नावही त्यांनी लिहून घेतलं, तर बसमधली एक जागा रिकामी जाणार नाही.